संख्यासागराचे नावाडी : महावीराचार्य

अंतिम तीर्थंकर भगवान महावीर यांचे नाव धारण करणारे एक महान आचार्य इसवी सनाच्या नवव्या शतकात दक्षिण भारतात होऊन गेले. आत्मकल्याणाचा मार्ग दाखविणारे आचार्य आपल्या परंपरेत अनेक झाले. परंतु व्यापाऱ्याच्या पेढीपासून लोकालोकाच्या मापनापर्यंत सर्वत्र उपयोगी पडणारे गणित सोप्या रीतीने सर्वांच्या हाती देणारे आचार्य म्हणून महावीराचार्यांचे स्थान आगळे आहे. त्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ आज जगभरच्या गणिताच्या इतिहासात आदराने उल्लेखिला जातो. आपल्या समाजात मात्र त्यांचे नाव पुष्कळदा पर्युषणातील एखाद्या व्याख्यानापुरतेच कानावर पडते.

मुकुंदवाडी आणि सिडको परिसरातील आपली मुले आज बँकेच्या, रेल्वेच्या आणि अन्य स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्या अभ्यासात एक प्रश्न हमखास येतो. नाव प्रवाहाच्या दिशेने जाते तेव्हा इतका वेळ लागतो, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने येते तेव्हा तितका वेळ लागतो. तर संथ पाण्यातील नावेचा वेग किती आणि प्रवाहाचा वेग किती? हा प्रश्न पाहताच अनेक मुले बावरतात. हे परक्या देशातून आलेले गणित आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पुढे ओढणारी गती आणि मागे लोटणारी गती यांचा मेळ घालण्याची रीत सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी एका जैन आचार्यांनी उदाहरणांसह शब्दबद्ध करून ठेवली आहे आणि त्यांतील एक उदाहरण चक्क सागरातील नौकेचेच आहे. म्हणूनच या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांच्या जीवनकार्याचा हा अल्प परिचय.

काळ आणि राजाश्रय

महावीराचार्यांनी आपल्या ग्रंथात स्वतःचे कुल, जन्मस्थान, मातापिता वा दीक्षेची तिथी यांपैकी काहीही नोंदविलेले नाही. आरंभी त्यांनी वंदन केले ते भगवान महावीरांना आणि गौरव केला तो राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचा. याच उल्लेखावरून आचार्यांचा काळ इ. स. ८५० च्या सुमाराचा ठरतो. ज्यांनी विश्वातील सर्व गणनीय वस्तूंची मोजदाद मांडली, त्यांनी स्वतःविषयी एक ओळही लिहिली नाही. अपरिग्रहाचे व्रत त्यांनी कीर्तीच्या बाबतीतही पाळले, असेच म्हणावे लागेल. त्यामुळे त्यांचे चरित्र म्हणजे त्यांचा काळ, त्यांचा ग्रंथ आणि त्या ग्रंथाचा पुढील प्रवास होय.

अमोघवर्ष हे गोविंद तृतीय यांचे पुत्र. इ. स. ८१४ च्या सुमारास बालवयातच ते सिंहासनावर आले आणि त्यांनी सहा दशकांहून अधिक काळ राज्य केले. त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील आजचे मळखेड. तेथील नेमिनाथ बस्ती आजही त्या वैभवाची साक्ष देते. राष्ट्रकूटांचा आणि आपल्या भूमीचा संबंध सांगण्यास लांब जावयास नको. मुकुंदवाडीहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण प्रथम याच्या काळातले, तर दशावतार लेण्यात दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. त्याच डोंगरातील ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांचे खोदकाम प्रामुख्याने नवव्या शतकापासून पुढे झाले. इंद्रसभा आणि जगन्नाथसभा या नावांनी ती सर्वांच्या परिचयाची आहेत. म्हणजे कलाकारांच्या छिन्नीने येथे पाषाणात तीर्थंकरांच्या मूर्ती साकारत असताना त्याच राजवटीत महावीराचार्यांची लेखणी गणिताचे सूत्र साकारत होती.

अमोघवर्षांच्या काळात जैन विद्येला बहर आला होता. आचार्य वीरसेनांनी ‘धवला’ टीका इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केली. त्यांचे शिष्य आचार्य जिनसेन यांनी ‘जयधवला’ इ. स. ८३७ मध्ये पूर्णत्वास नेली आणि ‘आदिपुराण’ रचले. जिनसेनांना अमोघवर्ष गुरुस्थानी मानीत. व्याकरणकार शाकटायन आणि वैद्यक ग्रंथाचे कर्ते उग्रादित्य हेही याच काळातले. कन्नड भाषेतील ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथही याच दरबारातला. अशा विद्वत्सभेत गणिताचे स्थान महावीराचार्यांनी भूषविले.

या साम्राज्याची एक बाजू समुद्राकडेही होती. कोकण किनारा राष्ट्रकूटांच्या मांडलिकांच्या ताब्यात होता आणि ठाणे, सोपारा, चौल या बंदरांतून अरब देशांशी व्यापार चाले. इ. स. ८५१ च्या सुमाराच्या, सुलेमान या अरब व्यापाऱ्याच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या वृत्तांतात राष्ट्रकूट सम्राटाची गणना जगातील चार थोर राजांत केली आहे. मान्यखेट जरी समुद्रापासून दूर असले, तरी नौका, वारा, माल आणि नफा-तोटा हे शब्द त्या राज्यात रोजच्या व्यवहारातले होते. आचार्यांच्या उदाहरणांत सागर आणि नौका का येतात, याचे उत्तर यात सापडते.

गणित सर्वांसाठी

महावीराचार्यांपूर्वी आर्यभट यांनी इ. स. ४९९ मध्ये आणि ब्रह्मगुप्त यांनी इ. स. ६२८ मध्ये मोठे कार्य केले होते. परंतु त्यांच्या ग्रंथांत गणित हे ज्योतिषाच्या सोबतीने आले. ग्रहगती हा मुख्य विषय आणि गणित हे त्याचे साधन. महावीराचार्यांनी गणितासाठीच स्वतंत्र ग्रंथ रचला. पूर्वसूरींच्या ज्ञानसागरातून आपण थोडी रत्ने वेचली आहेत, अशी नम्र भूमिका त्यांनी घेतली.

जैन परंपरेत गणिताला धर्माच्या बाहेरचा विषय मानलेले नाही. चार अनुयोगांपैकी करणानुयोगात लोकरचना, द्वीप-समुद्र, काल आणि कर्मस्थिती यांचे वर्णन येते आणि ते गणितावाचून समजत नाही. आचार्यांनी या विचाराचा विस्तार केला. लौकिक व्यवहार असो वा धार्मिक विधी, अर्थशास्त्र असो वा संगीत, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुशास्त्र, छंद किंवा व्याकरण, गणित सर्वत्र व्यापून आहे, असे त्यांनी ग्रंथारंभीच प्रतिपादन केले. चराचरातील कोणतीही वस्तू गणिताला सोडून नाही, हा त्यांचा सिद्धांत होता.

ग्रंथाचे नऊ अधिकार आहेत: संज्ञा, परिकर्म, कलासवर्ण, प्रकीर्णक, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्रगणित, खात आणि छाया. अकराशेहून अधिक श्लोकांत सारे गणित पद्यबद्ध आहे, म्हणजे पाठांतराला सोपे. व्याज, भागीदारीतील नफ्याची वाटणी, सोन्याचा कस, खरेदी-विक्री हे पेढीवरचे विषय त्यात विस्ताराने आले आहेत. सहा रसांपासून किती वेगवेगळी मिश्रणे होतील, असा प्रश्न घेऊन निवडीचे सर्वसाधारण सूत्रही त्यांनी दिले. एक-एक, दोन-दोन असे सर्व प्रकार मोजले की एकूण ६३ मिश्रणे होतात.

त्यांची उदाहरणे रुक्ष नाहीत. कमळे, भ्रमर, हंस, हत्ती, मोती, जिनपूजेची फुले अशा चित्रांनी ती सजली आहेत. एका खांबाचा १/८ भाग जमिनीत, १/३ पाण्यात, १/४ शेवाळात आणि ७ हात भाग हवेत असेल तर खांबाची लांबी किती, असे एक उदाहरण आहे. तीन अपूर्णांकांची बेरीज १७/२४. उरलेले ७/२४ म्हणजे ७ हात. म्हणून खांब २४ हातांचा. गुणाकारातही त्यांनी सौंदर्य शोधले. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १००००००००१ येतात आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ येतात. दोन्ही बाजूंनी सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अशा संख्यांना त्यांनी कंठातील हाराची उपमा दिली.

वाऱ्याविरुद्ध निघालेली नौका

आता ज्या विषयासाठी हा लेख आहे, तिकडे वळू. त्रैराशिकाच्या अधिकारात आचार्यांनी गतिनिवृत्तीचे प्रकरण घेतले आहे. गती म्हणजे पुढे जाणे, निवृत्ती म्हणजे मागे येणे. एकाच वस्तूला एक शक्ती पुढे नेते आणि दुसरी मागे लोटते, तेव्हा ती ठरावीक अंतर किती काळात पार करील, हा प्रश्न. नियम असा की दोन्ही गती आधी एकाच कालमापात आणाव्यात, मोठीतून लहान वजा करावी आणि उरलेल्या निव्वळ गतीने त्रैराशिक मांडावे.

याचे उदाहरण म्हणून त्यांनी सागरातील नौका घेतली. ही नौका एका दिवसाच्या ३/७ भागात १/५ कोस पुढे जाते. परंतु समोरच्या वाऱ्यामुळे तेवढ्याच काळात १/९ कोस मागे येते. तर तिला ९९ २/५ योजने अंतर तोडण्यास किती काळ लागेल? जो संख्यांचा सागर आपल्या बाहुबळाने तरून जाऊ शकतो, त्याने याचे उत्तर द्यावे, अशा आशयाचे प्रेमळ आवाहन आचार्यांनी विद्यार्थ्याला केले आहे.

हे उदाहरण सोडवून पाहू. १/५ मधून १/९ वजा केला की ४/४५ उरतात. म्हणजे दिवसाच्या ३/७ भागात नौकेची निव्वळ प्रगती ४/४५ कोस. योजनाचे ४ कोस होतात, म्हणून ९९ २/५ योजने म्हणजे ३९७ ३/५ कोस. या अंतराला ४/४५ ने भागले की ४४७३ येतात. याचा अर्थ असा की दिवसाच्या ३/७ भागाएवढे ४४७३ खंड लागतील. ४४७३ चे ३/७ म्हणजे १९१७. उत्तर १९१७ दिवस, सुमारे सव्वापाच वर्षे. अपूर्णांकांच्या एवढ्या गुंतागुंतीतून शेवटी पूर्णांक निघतो, यावरून आचार्यांनी उदाहरण किती काळजीपूर्वक रचले होते हे ध्यानात येते.

वारा पडलेला असता तर काय झाले असते? मग दिवसाच्या ३/७ भागात पूर्ण १/५ कोस हाती लागला असता आणि तेच अंतर ८५२ दिवसांत संपले असते. वाऱ्याने १०६५ दिवस खाल्ले. तरीही नौका थांबली नाही. पाचास नऊ या प्रमाणात मिळविलेले ती गमावत होती. परंतु नवातले चार भाग तिच्या पदरी राहत होते आणि तेवढ्यावर ती पैलतीरी पोहोचली. जमेतून खर्च वजा जाता शिल्लक राहते ती खरी पुंजी, हे व्यापारी माणसाला सांगावे लागत नाही. नावेचे गणित आणि खातेवहीचे गणित एकच आहे, ही आचार्यांची मोठी देणगी.

सर्प, कमळ आणि वाटसरू

याच प्रकरणातील दुसरे उदाहरण अधिक चमत्कारिक आहे. ८० अंगुळे लांबीचा एक कृष्णसर्प बिळात शिरत आहे. दिवसाचे १४ भाग केल्यास त्यांपैकी ५ भागांत तो साडेसात अंगुळे आत जातो. पण त्याच वेळी त्याचे शेपूट दर पाव दिवसाला पावणेतीन अंगुळे वाढत आहे. तर तो पूर्ण आत केव्हा जाईल?

येथे विद्यार्थ्याची खरी परीक्षा आहे. साडेसातातून पावणेतीन वजा करण्याची घाई करणारा फसतो, कारण दोन्हींची कालमापे भिन्न आहेत. आधी दोन्ही गती एका दिवसाच्या कराव्या लागतात. दिवसाच्या ५/१४ भागात साडेसात, म्हणून दिवसाला २१ अंगुळे. पाव दिवसात पावणेतीन, म्हणून दिवसाला ११ अंगुळे. निव्वळ गती १० अंगुळे आणि लांबी ८०. म्हणून ८ दिवस. नावेच्या गणितात एक अंतर मिनिटांत आणि दुसरे तासांत दिले की आजची मुले जी चूक करतात, तीच चूक टाळण्याचा हा पाठ आहे. भिन्न मापांची वजाबाकी करू नये. मीटर आणि वार यांचा हिशोब जसा एका फूटपट्टीवर आणल्याशिवाय जुळत नाही, तसेच हे.

तिसऱ्या उदाहरणात विहिरीच्या तळातून कमळ वर वाढत आहे, पाणी उपशाने आणि उन्हाने खाली उतरत आहे आणि तळाचे कासव कमळाचा देठ खाली ओढत आहे. कमळ पाण्याच्या पातळीवर केव्हा येईल? येथे दोन नव्हे तर चार गती एकत्र आल्या. कमळाची वाढ आणि पाण्याची घट या साहाय्यक, त्यांची बेरीज करावयाची. कासवाची ओढ विरोधक, ती वजा करावयाची. प्रवाहाच्या दिशेने बेरीज आणि विरुद्ध दिशेने वजाबाकी, हा नावेच्या गणिताचा नियम येथे पूर्णपणे दिसतो.

मिश्रकाच्या अधिकारात वाटसरूंचे गणित आहे. एक वाटसरू पहिल्या दिवशी ३ आणि पुढे रोज ८ ने वाढत्या गतीने चालतो, दुसरा रोज २१ या स्थिर गतीने. दोघे एकाच ठिकाणाहून एकाच वेळी निघाले तर पुन्हा केव्हा भेटतील? आचार्यांची रीत अशी की स्थिर गतीतून आरंभीची गती वजा करावी, वाढीच्या निम्म्याने भागावे आणि १ मिळवावा. २१ वजा ३ म्हणजे १८. त्याला ४ ने भागून साडेचार. त्यात १ मिळवून साडेपाच. संथपणे निघून रोज थोडी भर घालणारा अखेर वेगवानाला गाठतो, हा बोधही त्यातून सहज मिळतो.

संक्रमण : नावेच्या गणिताची किल्ली

शालेय पुस्तकातील प्रश्नात नावेचा आणि प्रवाहाचा वेग वेगवेगळा काढावयाचा असतो. त्याची किल्ली मिश्रक अधिकाराच्या आरंभीच आहे. तिला संक्रमण म्हणतात. दोन राशींची बेरीज आणि वजाबाकी ठाऊक असेल तर त्या राशी कशा काढाव्यात, याची ही रीत. ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथातही ती आहे. महावीराचार्यांनी ती व्यवहारगणिताच्या पायथ्याशी आणून ठेवली. बेरीज आणि वजाबाकी मिळवून निम्मे केले की मोठी राशी, वजा करून निम्मे केले की लहान राशी.

समजा, गोदावरीच्या प्रवाहात एक नाव १२ किलोमीटर अंतर प्रवाहाच्या दिशेने १ तासात आणि विरुद्ध दिशेने २ तासांत जाते. प्रवाहाबरोबरचा वेग ताशी १२, विरुद्ध वेग ताशी ६. पहिला वेग म्हणजे नाव आणि प्रवाह यांची बेरीज, दुसरा म्हणजे त्यांची वजाबाकी. १२ आणि ६ मिळून १८, त्याचे निम्मे ९. हा संथ पाण्यातील नावेचा वेग. १२ उणे ६ म्हणजे ६, त्याचे निम्मे ३; हा प्रवाहाचा वेग. बीजगणिताची दोन समीकरणे मांडूनही हेच उत्तर येते. संक्रमणाने ते तोंडी येते.

यातच आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. जाऊन-येऊन अंतर २४ किलोमीटर आणि वेळ ३ तास, म्हणजे सरासरी वेग ताशी ८. १२ आणि ६ यांची सरासरी ९ असे उत्तर देणारा चुकतो. कारण विरुद्ध दिशेने जाताना नाव प्रवाहाच्या तडाख्यात दुप्पट वेळ राहते. प्रवाह जाताना जितके देतो त्याहून अधिक येताना घेतो. हे ज्याला उमगले त्याला सूत्र पाठ करावे लागत नाही.

एक उणीव आणि एक दूरदृष्टी

थोर पुरुषांचे गुणगान करताना सत्याचा अपलाप होऊ नये, हे आपल्या धर्माचेच शिक्षण आहे. कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तर शून्य येते, शून्य वजा केले तर संख्या बदलत नाही, हे आचार्यांनी अचूक सांगितले. परंतु शून्याने भागले तरी संख्या तशीच राहते, असेही त्यांनी म्हटले आणि ते आजच्या गणिताला मान्य नाही. भागाकारातील शून्याचा प्रश्न त्यांच्या आधी ब्रह्मगुप्तांनाही पूर्णपणे सुटला नव्हता. दुसरीकडे, ऋण संख्या ही कोणत्याही संख्येचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे त्यांनी स्पष्ट नोंदविले. त्या काळाच्या मानाने ही मोठी दूरदृष्टी होती. उणीव मान्य केल्याने आचार्यांची थोरवी कमी होत नाही. उलट त्यांचा ग्रंथ केवळ पूजेत ठेवण्याचा नसून पडताळून पाहण्याचा आहे, हे सिद्ध होते.

ग्रंथाचा प्रवास

‘गणितसारसंग्रह’ दक्षिणेत अनेक शतके अभ्यासला गेला. अकराव्या शतकाच्या सुमारास पावुलूरि मल्लन यांनी तो तेलुगू भाषेत आणला. त्यावर कन्नड टीकाही झाल्या. मात्र पुढे काळ पालटला. ताडपत्रे भांडारांत वेष्टनांत बांधलेली राहिली. श्रुतपंचमीला त्यांची पूजा झाली, पण ती उलगडून वाचणारे विरळ झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या सरकारी हस्तलिखित ग्रंथालयात प्रा. एम. रंगाचार्य यांच्या हाती या ग्रंथाच्या अपूर्ण प्रती आल्या. त्यांनी म्हैसूर आणि मूडबिद्री येथील प्रतींचा आधार घेऊन पाठ शुद्ध केला, इंग्रजी भाषांतर केले आणि इ. स. १९१२ मध्ये मद्रास सरकारने तो ग्रंथ छापला. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे गणितेतिहासकार डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याआधी १९०८ मध्ये रोम येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी या ग्रंथाचा परिचय करून दिला होता. अशा रीतीने जैन आचार्यांचे हे धन जगाला माहीत झाले ते जैन समाजाबाहेरील विद्वानांच्या परिश्रमांमुळे. ही गोष्ट जितकी कृतज्ञतेची, तितकीच अंतर्मुख करणारी आहे.

ही उणीव भरून काढण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ज्ञानकार्यासाठी अर्पण केली आणि त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ व जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखालील या मालेत इ. स. १९६३ मध्ये प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेल्या हिंदी अनुवादासह ‘गणितसारसंग्रह’ प्रसिद्ध झाला. पुढे २००० मध्ये कर्नाटकातील होंबुज येथून डॉ. पद्मावतम्मा यांनी कन्नड अनुवादासह आवृत्ती काढली. एका व्यापाऱ्याच्या दानाने, एका विश्वस्त संस्थेच्या चिकाटीने, हजार वर्षांपूर्वीची नौका पुन्हा पाण्यात उतरली.

आपले कर्तव्य

आहारदान, औषधदान, अभयदान आणि शास्त्रदान या चार दानांपैकी पहिल्या तीन दानांत आपला समाज नेहमीच अग्रेसर राहिला आहे. शास्त्रदान मात्र पुष्कळदा ग्रंथ छापून वाटण्याशी थांबते. ग्रंथ वाचला जाणे, समजला जाणे आणि मुलांच्या हाती जाणे, हे त्याचे फळ आहे. पाठशाळेत तीर्थंकरांची नावे शिकणाऱ्या मुलाला सर्पाचे आणि नौकेचे हे गणित फळ्यावर मांडून दाखविले, तर त्याला दोन लाभ होतील. परीक्षेतील प्रश्नाची भीती जाईल आणि आपल्या आचार्यांविषयीचा आदर ऐकीव न राहता अनुभवाचा होईल. गणितात मुलीही तेवढ्याच रमतात. हा फळा त्यांच्यासाठीही तितकाच खुला असावा.

पन्नास वर्षे संस्था चालविणे हेही प्रवाहाविरुद्ध नाव नेण्यासारखेच असते. काही हात पुढे ओढतात, काही परिस्थिती मागे लोटते आणि दरवर्षीच्या अखेरीस शिल्लक राहते ती निव्वळ प्रगती. महावीराचार्यांच्या गणितातील नौका दिवसाच्या ३/७ भागात कोसाचे अवघे ४/४५ पुढे सरकत होती. अंतर मोठे होते, वारा समोरून होता, परंतु दिशा ठरलेली होती. त्या नौकेचे उत्तर आपल्या पाठशाळेतील प्रत्येक मुलाला स्वतः काढता यावे, हीच या थोर आचार्यांना सुवर्णमहोत्सवी वर्षातील खरी विनयांजली ठरेल.